दुभाषी, अनुवादक आणि परतीची वाट



आजचा प्रश्न दिसायला साधा आहे. संगणकाच्या काही भाषा वेगवान आणि काही संथ का असतात? सी भाषेतला आकडेमोडीचा एखादा लूप आपण पायथनमध्ये जसाच्या तसा लिहिला, तर तो तीस-चाळीस पट, कधी त्याहूनही जास्त वेळ घेतो. मग लोक म्हणतात, पायथन ही संथ भाषा. पण पायथनचा तोच लूप, एक अक्षरही न बदलता, पायपाय नावाच्या दुसऱ्या यंत्रणेवर चालवला, तर कित्येकदा तो अनेक पटींनी लवकर संपतो. भाषा तीच, मजकूर तोच, संगणकही तोच. मग संथ कोण होतं?

याचं उत्तर शोधायला आपल्याला १९५७ पर्यंत मागे जावं लागेल आणि तिथून आजपर्यंत चालत यावं लागेल. वाटेत काही माणसं भेटतील, काही आकडे भेटतील. आम्हाला आज जे सांगायचंय ते थोडक्यात असं, की वेग हा भाषेचा जन्मजात गुण नाही. प्रोग्रॅमबद्दलची माहिती आपल्याला कधी मिळते आणि ती मिळवण्याचा खर्च कुणी, कधी सोसायचा, यावर तो ठरतो. आणि या सगळ्या इतिहासातला सर्वांत मोलाचा शोध पुढे धावण्याचा नाही, मागे फिरता येण्याचा आहे.

दोन पद्धती

आधी दोन शब्द नीट समजून घेऊ. इंटरप्रिटर म्हणजे दुभाषी. समोरचा एक वाक्य बोलतो, दुभाषी ते ऐकतो, अर्थ लावतो, आपल्याला सांगतो आणि विसरून जातो. तेच वाक्य पुन्हा आलं की पुन्हा पहिल्यापासून सगळं. कंपायलर म्हणजे अनुवादक. तो अख्खं पुस्तक घेऊन बसतो, सावकाश यंत्रभाषेत उतरवतो, आणि त्यानंतर मूळ पुस्तक उघडायची गरज उरत नाही. दुभाष्यामुळे काम लगेच सुरू होतं, पण ते संथ चालतं. अनुवादकाची आधी वाट बघावी लागते, मग काम झपाट्याने होतं.

पण दुभाष्याचा वेळ नेमका जातो कुठे? 'अ अधिक ब' एवढंच घ्या. पायथनच्या इंटरप्रिटरसमोर हे आलं की त्याला विचारावं लागतं: अ काय आहे? पूर्णांक, दशांश, मजकूर, की यादी? ब काय आहे? पूर्णांक असतील तर बेरीज करायची, मजकूर असेल तर एकापुढे एक जोडायचा. उत्तर ठेवायला मेमरीत जागा शोधायची. मग पुढची सूचना कोणती ते पाहायचं आणि तिकडे उडी मारायची. यातली खरी बेरीज म्हणजे प्रोसेसरची जेमतेम एक सूचना. बाकी सगळी चौकशी. सी भाषेत ही चौकशी प्रोग्रॅम चालू होण्याआधीच संपलेली असते, कारण लिहिणाऱ्याने 'हा पूर्णांक आहे' असं लिहून दिलेलं असतं.

म्हणजे बघा, वेगाचा प्रश्न मुळात ज्ञानाचा प्रश्न आहे. ज्याला आधी माहीत आहे त्याला विचारत बसावं लागत नाही.

फोर्ट्रान आणि लिस्प

आयबीएममध्ये जॉन बॅकस यांच्या गटाने १९५४ मध्ये फोर्ट्रानचं काम हाती घेतलं आणि १९५७ मध्ये आयबीएम ७०४ या संगणकासाठी फोर्ट्रानचा कंपायलर लोकांच्या हाती दिला. त्या काळी संगणकाचा एकेक तास भलता महाग. हाताने यंत्रभाषा लिहिणाऱ्या प्रोग्रॅमरांना पटतच नव्हतं, की एखादा प्रोग्रॅम त्यांच्याइतका चांगला यंत्रकोड लिहू शकेल. म्हणून बॅकस यांच्या गटाने सगळी शक्ती एका गोष्टीवर लावली: तयार होणारा कोड हाताने लिहिलेल्या कोडच्या जवळपास वेगवान हवा. नाहीतर ही भाषा कुणी वापरणारच नाही, ही भीती खरी होती.

त्याच ७०४ यंत्रावर, एमआयटीमध्ये, जॉन मॅकार्थी वेगळ्याच गोष्टीच्या मागे होते. त्यांच्या लिस्प भाषेवरचा निबंध १९६० मध्ये प्रसिद्ध झाला. लिस्पमधली कुठलीही राशी घेऊन तिची किंमत काढणारं एक फलन त्यांनी लिस्पमध्येच मांडलं होतं. त्यांच्या दृष्टीने ती कागदावरची, सिद्धांताची बाब होती. त्यांचे सहकारी स्टीव्ह रसेल म्हणाले, मी हे यंत्रावर उतरवतो. मॅकार्थींनी पुढे आठवण सांगितली आहे, की तेव्हा आपण त्यांना समजावत होतो, तुम्ही सिद्धांत आणि व्यवहार यांची गल्लत करताय. रसेल यांनी ऐकलं नाही. फलन हाताने यंत्रकोडमध्ये लिहिलं, आणि लिस्पला इंटरप्रिटर मिळाला.

इथवर सरळ आहे: फोर्ट्रानला अनुवादक, लिस्पला दुभाषी. पण १९६२ मध्ये टिम हार्ट आणि माइक लेव्हिन यांनी लिस्पचा कंपायलर लिहिला, आणि तोही लिस्पमध्येच. म्हणजे १९६२ सालीच एका भाषेच्या घरी दुभाषी आणि अनुवादक दोघेही नांदत होते. 'इंटरप्रिटेड भाषा' आणि 'कंपाइल्ड भाषा' अशी जी वर्गवारी आजही सर्रास केली जाते, ती साठ वर्षांपूर्वीच मोडली होती. आणखी एक गंमत. मॅकार्थींच्या १९६० च्या त्याच निबंधात असाही उल्लेख आहे, की फलनाचं यंत्रभाषेत रूपांतर प्रोग्रॅम चालू असतानाच करता येईल. आज ज्याला आपण 'जस्ट-इन-टाइम', लाडाने 'जिट', म्हणतो, त्याचं बहुधा हे पहिलं छापील बीज.

सगळं पुस्तक सारखं वाचलं जात नाही

मग कुणी विचारेल, की सगळंच आधी अनुवादित का करू नये? याचं उत्तर डोनाल्ड कनूथ यांनी १९७१ मध्ये आकड्यांत दिलं. त्यांनी प्रत्यक्ष वापरातले फोर्ट्रान प्रोग्रॅम गोळा केले आणि वेळ कुठे जातो ते मोजलं. साधारणपणे प्रोग्रॅमचा ४ टक्क्यांहूनही कमी भाग निम्म्याहून अधिक वेळ खातो, असं त्यांना आढळलं.

याचा अर्थ फार मोठा आहे. जाडजूड पोथीतली दोन-चार पानंच पुन्हा पुन्हा वाचली जातात, बाकीची एकदाच उलटली जातात किंवा उघडलीच जात नाहीत. तर मग अनुवादकाने सगळ्या पोथीवर सारखे कष्ट का घ्यावेत? दुभाष्याने सुरुवात करावी, कोणती पानं परत परत येतात ते टिपून ठेवावं, आणि तेवढीच अनुवादकाकडे द्यावीत.

पण कोणती पानं ती? ते आधी कळत नाही. प्रोग्रॅम चालू झाल्यावरच कळतं. १९६८ मध्ये केन थॉम्पसन यांनी मजकूर शोधण्याच्या पद्धतीवर निबंध लिहिला. शोधायचा नमुना वापरणारा ऐन वेळी देणार, म्हणून त्यांचा प्रोग्रॅम तो नमुना घेऊन तिथल्या तिथे आयबीएम ७०९४ चा यंत्रकोड तयार करायचा. १९७० मध्ये कार्नेगी मेलनमध्ये जेम्स मिचेल यांनी प्रबंधात दाखवलं, की दुभाष्याने एकदा जे केलं त्याची नोंद ठेवली तर तिच्यातूनच अनुवाद तयार होऊ शकतो. १९७४ मध्ये तिथेच गिल्बर्ट हॅन्सन यांनी फोर्ट्रानची अशी यंत्रणा उभी केली, जी कोणता भाग किती वेळा चालतो ते मोजायची आणि जास्त चालणाऱ्या भागावर जास्त मेहनत घ्यायची. आज अब्जावधी फोनमध्ये जे चाललंय त्याचा आराखडा इथे जवळजवळ पूर्ण दिसतो. एक मोठा तुकडा मात्र अजून यायचा होता.

स्मॉलटॉक आणि सेल्फ

तो तुकडा आला झेरॉक्सच्या पालो आल्टो इथल्या संशोधन केंद्रातून निघालेल्या वाटेवर. तिथे जन्मलेल्या स्मॉलटॉक भाषेत प्रत्येक गोष्ट ही एक वस्तू, आणि वस्तूला निरोप पाठवणं एवढीच एक क्रिया. 'तीनमध्ये चार मिळव' हासुद्धा तीनला पाठवलेला निरोप. निरोप कुणाला मिळतो त्यावर कोणता कोड चालायचा ते ठरतं, आणि ते प्रत्येक वेळी शोधावं लागतं. लिहिणाऱ्याला मोठं स्वातंत्र्य, पण यंत्राची दमछाक.

१९८४ मध्ये पीटर डॉइच आणि अ‍ॅलन शिफमन यांनी दोन युक्त्या एकत्र मांडल्या. पहिली, स्मॉलटॉकच्या बाइटकोडचं गरज पडेल तेव्हा यंत्रभाषेत भाषांतर करायचं. दुसरी जास्त महत्त्वाची. त्यांच्या लक्षात आलं, की भाषेनुसार काहीही येऊ शकत असलं, तरी प्रोग्रॅममधल्या एका ठरावीक जागी बहुतेक वेळा एकाच प्रकारची वस्तू येते. अशा प्रोग्रॅमांत साधारण ९५ टक्के वेळा मागचंच उत्तर पुन्हा चालतं. मग मागच्या वेळचं उत्तर त्याच जागी खोचून ठेवायचं. पुढच्या वेळी फक्त विचारायचं, तोच प्रकार आहे का? असेल तर थेट पुढे, नसेल तर पुन्हा शोध. पोस्टमनला गल्लीतली घरं पाठ असतात ना, तसं. पत्ता वाचतो, पण नुसती नजर टाकतो.

आता सेल्फ. डेव्हिड उंगर आणि रँडल स्मिथ यांनी घडवलेल्या या भाषेवरचा पहिला निबंध १९८७ चा. सेल्फ ही स्मॉलटॉकहूनही कडक. तिच्यात वर्ग नाहीत, आणि साधं व्हेरिएबल वाचणं हासुद्धा निरोपच. सरळसोट पद्धतीने चालवली तर ही भाषा वापरण्याजोगी राहिलीच नसती. म्हणून स्टॅनफर्ड विद्यापीठात आणि नंतर सन कंपनीच्या प्रयोगशाळेत क्रेग चेंबर्स, उर्स हॉल्झ्ले आणि त्यांच्या सहकाऱ्यांना अनुवादकाला खूप हुशार करावं लागलं. काही चाचण्यांत सेल्फने सी भाषेच्या जवळपास निम्मा वेग गाठला. इतक्या मोकळ्या भाषेकडून कुणी एवढी अपेक्षा केली नव्हती.

ही हुशारी अंदाजावर उभी होती. या जागी आजवर पूर्णांकच आले, म्हणजे पुढेही पूर्णांकच येतील असं धरून चालायचं, त्या गृहीतावर वेगवान कोड तयार करायचा, आणि दारावर एक पहारेकरी ठेवायचा: आलेला खरंच पूर्णांक आहे ना?

आणि नसला तर? इथे येतो तो उरलेला तुकडा. १९९२ मध्ये हॉल्झ्ले, चेंबर्स आणि उंगर यांनी एक निबंध लिहिला, त्याचा विषय वेग नव्हताच. प्रोग्रॅम चालू असताना मध्येच थांबवून चुका शोधायच्या असतील तर काय करायचं, हा त्यांचा प्रश्न. अनुवादकाने कोड इतका पिळून काढलेला, की मूळ ओळी ओळखूच येत नाहीत. त्यांनी उपाय काढला, की पिळलेल्या कोडमधून, चालू कामाच्या मध्यावर, साध्या कोडमध्ये परत उतरायचं. मूळ प्रोग्रॅम याच क्षणी ज्या स्थितीत असता, नेमकी ती स्थिती पुन्हा उभी करायची. याला त्यांनी डीऑप्टिमायझेशन म्हटलं. आपण त्याला परतीची वाट म्हणू.

ही वाट एकदा बांधली गेल्यावर धाडसी अंदाजाची भीती उरली नाही. अंदाज चुकला तर उत्तर चुकत नाही, फक्त थोडा वेळ वाया जातो. जिटच्या वेगाचं रहस्य म्हणून लोक 'ऐन वेळी भाषांतर' एवढंच सांगतात. आमच्या मते ते अर्धंच खरं आहे. नुसतं उशिरा भाषांतर केल्याने चौकशी टळत नाही. चौकशी टळते ती अंदाजामुळे, आणि अंदाज परवडतो तो परतीच्या वाटेमुळे.

चार्वाकाचा आक्षेप

आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, तेव्हा इथे क्षणभर थांबल्याशिवाय राहवत नाही. आपल्याकडे नैयायिक आणि चार्वाक यांचा जुना वाद आहे. धूर दिसला की अग्नी आहे असं आपण अनुमान करतो, ते 'जिथे धूर तिथे अग्नी' या व्याप्तीच्या आधारे. चार्वाक विचारतो, ही व्याप्ती तुम्हाला कळली कशी? तुम्ही पाहिलेले सगळे धूर म्हणजे जगातले सगळे धूर नव्हेत. नैयायिकांच्या उत्तरात भूयोदर्शन, म्हणजे पुन्हा पुन्हा पाहणं, येतं; आणि त्यावरही चार्वाकाची शंका उरतेच. युरोपात ह्यूमने अठराव्या शतकात हाच काटा टोचला.

जिट कंपायलर करतो ते शब्दशः भूयोदर्शन आहे. दहा हजार वेळा पूर्णांक पाहिला, म्हणून पुढचाही पूर्णांक धरला. पण तो चार्वाकाशी भांडत नाही. चार्वाकाच्या नावावर असाही युक्तिवाद मांडला जातो, की व्यवहार चालायला निश्चित ज्ञान लागत नाही, संभावना पुरते. कंपायलर तेच म्हणतो. तुझा आक्षेप मान्य, म्हणून तर दारावर पहारेकरी ठेवलाय. व्याप्ती सिद्ध झाली असा दावा तो करत नाही, तरी तिच्यावर काम चालवतो, आणि ती मोडली तर कुठे परतायचं ते आधीच ठरवून ठेवतो. अनुमानाचा प्रश्न यामुळे सुटला असं आम्ही म्हणणार नाही. पण न सुटलेल्या प्रश्नासोबत शहाणपणाने कसं वागावं, याचा हा एक नमुना आहे खरा.

जावा आणि एक उसना शब्द

'जस्ट-इन-टाइम' हा शब्द रूढ झाला तो जावामुळे, आणि आला कारखान्यांतून. टोयोटाच्या पद्धतीत सुटा भाग लागेल तेव्हा, लागेल तेवढाच आणायचा; गोदामात ढीग लावायचे नाहीत. तोच शब्द जावावाल्यांनी उचलला.

सन कंपनीने १९९५ मध्ये जावा जाहीर केली. प्रोग्रॅम एकदा बाइटकोडमध्ये बदलायचा आणि तोच कुठल्याही यंत्रावर चालवायचा, हे तिचं वचन. कोणतं यंत्र ते आधी ठाऊक नाही, म्हणून यंत्रभाषा आधी तयार करता येत नाही. मग दुभाषी आला, आणि सुरुवातीला जावाच्या नावावर संथपणाचा शिक्का बसला. यावर तोडगा निघाला तो सेल्फच्या वाटेने. सेल्फवर काम केलेल्या काही मंडळींनी एक छोटी कंपनी काढली होती; सनने ती १९९७ मध्ये विकत घेतली, आणि १९९९ मध्ये हॉटस्पॉट ही जावाची नवी यंत्रणा आली.

नावातच सगळं आहे: 'तापलेली जागा'. हॉटस्पॉट आधी दुभाष्याने सुरुवात करायची, मोजत राहायची. वैयक्तिक संगणकासाठीच्या तिच्या रूपात एखादं फलन साधारण १,५०० वेळा चाललं की अनुवाद व्हायचा. सर्व्हरच्या रूपात १०,००० वेळा. हे दोन आकडे नीट पाहा. सर्व्हर महिनोन्‌महिने चालणार, म्हणून तो जास्त वेळ निरीक्षण करतो आणि मग अनुवादावर जास्त कष्ट घेतो. समोर माणूस वाट बघत बसलाय तिथे लवकर, पण हलका अनुवाद. किती पाहून निष्कर्ष काढायचा, हे पुढे किती जगायचंय त्यावर ठरतं.

दुभाषी परत आला

२००८ मध्ये ही लाट ब्राउझरवर आदळली. ब्रेंडन आइक यांनी १९९५ मध्ये नेटस्केपमध्ये दहा दिवसांत जावास्क्रिप्टचा पहिला नमुना उभा केला होता. तेव्हा पानावरची छोटी-मोठी कामं एवढीच तिच्याकडून अपेक्षा. गूगलने २००८ च्या सप्टेंबरमध्ये क्रोम आणला, त्यात व्ही८ हे इंजिन. ते बांधणाऱ्यांचे प्रमुख लार्स बाक. हे गृहस्थ आधी सेल्फवर आणि मग हॉटस्पॉटवर काम केलेले. व्ही८ मध्ये त्यांनी दुभाषी ठेवलाच नाही. जावास्क्रिप्ट आली की थेट यंत्रकोड. मोझिलाचा फायरफॉक्स आणि अ‍ॅपलचा सफारी यांनीही आपापली इंजिनं बदलली, आणि काही वर्षांत ही भाषा ओळखू येणार नाही इतकी वेगवान झाली.

इथे गोष्ट संपायला हवी होती, नाही का? अनुवादक जिंकला, दुभाषी निवृत्त. पण २०१६ मध्ये व्ही८ च्याच चमूने इग्निशन नावाचा इंटरप्रिटर आणला. कारण मेमरी. पानावरचा पुष्कळसा कोड एकदाच चालतो, काही तर चालतही नाही, आणि त्याचा यंत्रकोड मात्र जागा अडवून बसतो. इग्निशनचा बाइटकोड त्या यंत्रकोडच्या निम्म्या ते पाव आकारात मावायचा. आणि हा इंटरप्रिटर पहिल्यांदा चालू केला तो कुठे, तर ५१२ मेगाबाइट किंवा त्याहून कमी मेमरीच्या अँड्रॉइड फोनवर. २०१७ मध्ये तो क्रोममध्ये सर्वत्र आला.

मंडळी, या घटनेकडे आम्ही फार महत्त्वाने पाहतो. वेगाच्या चाचण्या बहुधा चांगल्या, भरपूर मेमरीच्या संगणकावर घेतल्या जातात. स्वस्त फोन हातात असलेला माणूस त्या तक्त्यात नसतो. त्याच्यासाठी 'वेगवान' यंत्रणाच संथ ठरत होती, कारण मेमरी भरली की सगळंच अडकतं. तेव्हा 'कोणतं वेगवान' या प्रश्नापुढे 'कुणासाठी' हा शब्द जोडल्याशिवाय तो पुराच होत नाही.

पायथनचं कोडं

आता सुरुवातीच्या पायथनकडे येऊ. गीडो व्हान रॉसम यांनी १९८९ च्या अखेरीस ही भाषा लिहायला घेतली, १९९१ मध्ये ती बाहेर आली. जिटचं सगळं ज्ञान उपलब्ध असताना तिच्या मुख्य यंत्रणेत जिट इतकी वर्षं का आलं नाही? प्रयत्न झाले. २००९ मध्ये गूगलच्या काही अभियंत्यांनी पाचपट वेगाचं उद्दिष्ट ठेवून काम सुरू केलं, ते पुढे सोडून दिलं. पायपाय टिकली, आजही चालते.

अडचण भाषेच्या भोवती आहे. पायथनची खरी ताकद तिच्या हजारो जोडग्रंथालयांत, आणि त्यांतली जड कामं सी किंवा फोर्ट्रानमध्ये लिहिलेली. वैज्ञानिक लोक नमपाय वापरतात तेव्हा आकडेमोड सी करते. पायथन नुसती हुकूम सोडते. ही ग्रंथालयं मुख्य इंटरप्रिटरच्या आतल्या रचनेला घट्ट बांधलेली आहेत. इंटरप्रिटर बदलला की ती धागेदोऱ्यांसह हलतात. बॅकस यांचा फोर्ट्रान असा आजही पायथनच्या पोटात बसून बेरजा करतोय, म्हणून पायथनला घाई नव्हती, असंही म्हणता येईल.

शेवटी २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये पायथन ३.११ आली. तिने इंटरप्रिटर ठेवला, पण त्यालाच अंदाज करायला शिकवलं. एका जागी काही वेळा पूर्णांकांची बेरीज दिसली, की तिथली सर्वसाधारण सूचना काढून 'पूर्णांकांची बेरीज' ही खास सूचना बसवायची. दुसरं काही आलं तर परत जुनी. त्या आवृत्तीसाठी जाहीर झालेला सुधार सरासरी सव्वापट. ओळखलंत ना? १९८४ ची स्मॉलटॉकची युक्ती आणि परतीची वाट, दोन्ही आता दुभाष्याच्याच घरात. २०२४ मधल्या ३.१३ आवृत्तीत प्रायोगिक जिटही आलं, पण मुद्दाम चालू केल्याशिवाय ते चालत नाही.

मोजायचं कसं, आणि किंमत काय

तुलना करणाऱ्यांसाठी एक इशारा. जिटच्या यंत्रणेला 'तापायला' वेळ लागतो. म्हणून बरेच जण सुरुवातीच्या फेऱ्या सोडून देतात आणि नंतरचा स्थिर वेग मोजतात. २०१७ मध्ये लॉरेन्स ट्रॅट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हेच गृहीत तपासलं. छोट्या, नेहमीच्या चाचण्या, प्रत्येक वेळी २,००० फेऱ्या, बाकी सगळं शक्य तितकं काटेकोर. तरीही यंत्रणा आणि चाचणी यांच्या निम्म्याहून कमी जोड्याच सातत्याने सर्वोच्च स्थिर वेगाला पोचल्या. काही ठिकाणी वेग वर-खाली होत राहिला, काही ठिकाणी तर फेऱ्या वाढल्यावर कमी झाला. म्हणजे 'अमुक भाषा तमुकपेक्षा इतके पट वेगवान' हे वाक्य ऐकलं, की आपण विचारायचं: पहिल्या सेकंदाला, की दहाव्या मिनिटाला? आणि सोडून दिलेल्या त्या सुरुवातीच्या फेऱ्यांत वाट बघत कोण बसलं होतं?

दुसरी किंमत सुरक्षेची. चालू असताना कोड लिहायचा आणि लगेच चालवायचा, म्हणजे मेमरीत नवा यंत्रकोड घालायला मुभा हवी; घुसखोरांनाही तीच हवी असते. शिवाय पहारेकरी नेमताना अनुवादकाची बारीकशी चूक झाली, तर चुकीच्या प्रकारची वस्तू आत शिरते. म्हणून २०२२ मध्ये अ‍ॅपलने ज्यांच्यावर पाळतीचे हल्ले होण्याचा धोका आहे अशा लोकांसाठी आयफोनमध्ये 'लॉकडाउन मोड' दिला, तेव्हा त्यात ब्राउझरमधला जावास्क्रिप्टचा जिट बंद ठेवला. पान थोडं हळू उघडेल, पण एक दार कमी.

तर मंडळी, कुणी वेगाचा आकडा घेऊन आलं तर चार गोष्टी विचारा. हा प्रोग्रॅम किती काळ जगणार? त्यात पुन्हा पुन्हा येणारं काम किती? तो कुणाच्या यंत्रावर, किती मेमरीत चालणार? आणि चालणाऱ्या कोडवर आपला विश्वास किती? दहा ओळींचा, क्षणभर चालणारा प्रोग्रॅम असेल तर दुभाषी पुरेसा आहे, अनुवादक दप्तर उघडेपर्यंत काम संपलेलं असेल. महिनोन्‌महिने चालणारा सर्व्हर असेल तर निरीक्षण करून केलेला अनुवाद आपली किंमत वसूल करतो. मधल्या सगळ्या ठिकाणी दोघांनाही कामावर ठेवावं लागतं, आणि आजच्या चांगल्या यंत्रणा नेमकं तेच करतात.

साठ वर्षं लोक विचारत आले, दुभाषी बरा की अनुवादक? त्या वादातून हाती लागलेली सगळ्यात टिकाऊ गोष्ट दोघांच्या मधला रस्ता ही आहे, आणि तो दोन्ही दिशांना चालू आहे. अंदाज धाडसाने करावा, तपासत राहावा, आणि चुकला तर काम न सांडता परत येता यावं. एवढी सोय असली की मोकळी भाषाही वेगाने धावू शकते.

इथे थांबतो.